बहाव्याच्या शेंगा गेल्या कुठे? वृक्ष प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त तथा अध्यक्ष, वृक्ष प्राधिकरण,
मा. उद्यान अधीक्षक,
आणि प्राधिकरणाचे सर्व सन्माननीय सदस्य

विषय: कालव्याच्या रस्त्यावरच्या बहाव्यांची छाटणी आणि भुंग्यांवरची फवारणी थांबवण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पत्रात शहराचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. आपल्याला ते ठाऊक आहे, आणि इतरांनी वाचताना आपापल्या गावाचं नाव घातलं तरी फारसं बिघडणार नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी साडेसहाला नेहमीप्रमाणे कालव्याच्या रस्त्याने निघालो, तेव्हा आपली शिडीची गाडी सातव्या बहाव्याखाली उभी होती. पहिल्या सहा झाडांचे खराटे झाले होते. रस्त्यावर फांद्यांचा ढीग पडला होता आणि जवळजवळ प्रत्येक फांदीला कळ्यांचे घोस लोंबत होते, हिरव्या मण्यांच्या माळा असाव्यात तसे. आठ-दहा दिवसांत ते पिवळे झाले असते. करवत चालवणाऱ्या मुलाला विचारलं, "अरे, फुलायला आलेलं झाड का छाटताय?" तो म्हणाला, "काका, मान्सूनपूर्व आहे. वरून यादी आलीय." त्या पोराचा काही दोष नाही. यादी आपल्या कार्यालयातून आली, म्हणून पत्र आपल्याला.

शनिवारपर्यंत ६४ पैकी ४१ झाडं उरकली. उरलेली २३ सोमवारपासून, असं फलकावर लिहिलेलं आहे.

या भानगडीत मी का पडतोय ते आधी सांगतो. कालव्यापलीकडे माझी दीड एकराची रोपवाटिका आहे. आईने सुरू केली, आता मी चालवतो. पावसाळी वृक्षारोपणात आपण जी बहाव्याची रोपं लावता, त्यातली बरीचशी गेली कित्येक वर्षं निविदा भरून मीच देत आलो आहे. (हे पत्र वाचल्यावर यंदाची निविदा माझ्या वाट्याला येईल की नाही, बघू.) आणि त्या रोपांचं बी येतं ते याच रांगेतून. म्हणजे कालव्याच्या रस्त्यावरचे हे बहावे शहरातल्या निम्म्या बहाव्यांचे आई-बाप आहेत, असं म्हटलं तरी चालेल.

शेंगा गोळा करायच्या त्या माघ-फाल्गुनात. हात-दीड हात लांब, काळपट, लाठीसारखी शेंग. कानाशी धरून हलवायची, खुळखुळली तर आत वाळली. औषधवाल्यांना न वाजणारी लागते, कारण तिच्यातला गर ओला असतो आणि पोट साफ करायला तोच कामाचा. आम्हाला दोन्ही चालतात. शेंग फोडली की आत आडव्या पडद्यांचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात काळा चिकट गर आणि एक चपटी, गुळगुळीत, तपकिरी बी. कवच इतकं टणक, की तशीच पेरली तर महिनोन्महिने ढिम्म हलत नाही. जंगलात कोल्हा, अस्वल, माकड शेंगा खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी रानभर पसरतं. आमच्याकडे कोल्हा नाही, म्हणून आई बिया पाट्यावर घासायची. मी कढत पाण्यात टाकून रात्रभर ठेवतो.

पाच वर्षांपूर्वीपर्यंत या रांगेतून दोन पोती शेंगा सहज निघायच्या. गेल्या वर्षी अर्धं पोतं. यंदा फेब्रुवारीत सगळी रांग दोनदा फिरलो, हाताला लागल्या २९ शेंगा. ६४ झाडांच्या.

आणि फुलं? फुलांत खोट नव्हती. गेल्या मे महिन्यात रस्ता इतका पिवळा झाला होता, की लोक गाड्या थांबवून फोटो काढत होते, लग्न ठरलेली जोडपी पहाटेच येऊन उभी राहत होती. आपल्याच कार्यालयाने त्याचं भलंमोठं छायाचित्र दिनदर्शिकेवर छापलं. झाडाला बहर होता, पण शेंग धरत नव्हती. चूक नेमकी कुठे झाली, ते बहाव्याच्या फुलात डोकावल्याशिवाय कळणार नाही. तेवढ्यासाठी आपला थोडा वेळ घेतो.

बहाव्याच्या फुलात मध नसतो. येणाऱ्या पाहुण्याला झाड देतं ते फक्त पराग, आणि तेही सहजासहजी नाही. फुलात दहा पुंकेसर असतात, तीन जातींचे. तीन लांब, बाकदार, पाकळ्यांबाहेर झेपावलेले. चार मधले. तीन अगदी आखूड, नावापुरते. मधल्या चौघांमधला पराग पाहुण्याला खायला आहे, पण तो बंद डबीत भरलेला, डबीला बारीकसं छिद्र. डबी हलवल्याशिवाय भुकटी पडत नाही.

ही डबी हलवण्याचं काम भुंग्याचं. काळा, जाडजूड, लाकूड पोखरणारा आपला भुंगा. तो फुलाला लोंबकळतो, मधले पुंकेसर पायांत घट्ट धरतो, आणि पंख न हलवता पंखांचेच स्नायू थरथरवतो. लक्ष देऊन ऐकलं तर आवाजातला फरक कळतो: उडताना जाडा घूंऽऽ, फुलावर बसल्यावर अचानक वरच्या पट्टीतला आखूड झीं, झीं. त्या थरथरीने पराग उडतो. त्याच वेळी लांब पुंकेसरांतला पराग भुंग्याच्या अंगावर अशा जागी पडतो, जिथे त्याचे पाय झाडझूड करायला पोचत नाहीत. पुढच्या फुलात स्त्रीकेसर तसाच लांब आणि बाकदार. तो बरोबर त्या जागी टेकतो. खायचा पराग वेगळा, वाहून न्यायचा वेगळा. एवढी शिस्तीची वाटणी आमच्या रोपवाटिकेच्या हिशेबातसुद्धा नाही.

मधमाशीला हे जमत नाही. आग्या असो, सातेरी असो की फुलोरी, थरथरवून पराग काढण्याची कला त्यांच्यात नाही. त्या येतात, सांडलेलं वेचतात, जातात. फुलाभोवती माश्या दिसल्या म्हणजे फळ धरणार, असं बहाव्याचं गणित नाही. त्याला भुंगा लागतो, नाहीतर तशाच थरथरणाऱ्या दुसऱ्या रानमाश्या. कोरडं लाकूड कोरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत अडकून पडतो, हा दृष्टान्त आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकलेला आहे. त्यातल्या कोरड्या लाकडाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. भुंग्याचं घर ते.

आता तक्रारी.

पहिली त्या घराचीच. तीन वर्षांपूर्वी सुशोभीकरणात कालव्याकाठचे वठलेले बाभूळ-सुबाभूळ काढले, जुनं बांबूचं कुंपण काढलं आणि लोखंडी रेलिंग आलं. रेलिंग चांगलं आहे, वाद नाही. पण भुंग्याची मादी वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत बोगदा कोरते, आत परागाचा लाडू ठेवते, त्यावर एक अंडं घालते, भुशाचा पडदा लावते, मग पुढचा लाडू, पुढचं अंडं. मधमाशीसारखी हजारोंची फौज तिच्याकडे नसते. एका मादीची मोजकी पिल्लं. त्यामुळे एक वठलेलं खोड ट्रॉलीत गेलं, की त्याबरोबर पुढच्या वर्षीचे भुंगेही गेले. आपल्या कागदावर ते खोड 'मृत झाड, विल्हेवाट' असं नोंदलेलं असतं.

दुसरी तक्रार फवारणीची, आणि इथे मला खरोखर वाईट वाटतं. बालोद्यानातल्या बांबूच्या मांडवाला भोकं पडली, काळे भुंगे घोंघावताना दिसले, आणि पालकांनी तक्रार केली. मुलांची काळजी कुणाला नसते? मलाही दोन नातवंडं आहेत, तिथेच खेळतात. पण त्या तक्रारीवर एका तरी जाणकाराला विचारायचं होतं. तोंडासमोर येऊन घिरट्या घालतो, अंगावर आल्याचा आव आणतो, तो बहुतेक नर असतो, आणि नराला नांगीच नसते. मादीला असते, पण मुठीत धरून चिरडल्याशिवाय ती सहसा डसत नाही. आग्या मोहोळ उठलं की माणसाला पळता भुई थोडी होते, ते खरं. भुंग्याचं मोहोळ नसतंच, मग उठणार काय? तरी दोन वर्षांपूर्वी मांडवाच्या भोकाभोकांत औषध मारलं, वर सिमेंट भरलं, आणि तेच औषध 'खबरदारी' म्हणून बहाव्यांच्या रांगेवरही मारलं. बहाव्याच्या पानांवर फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. त्या पावसाळ्यात अळ्या दिसल्या नाहीत, भुंगे तर नाहीतच.

तिसरी, जमिनीची. झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक घट्ट बसवलेत. मुळांचं काय होतं ते आपल्याकडचे तज्ज्ञ माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी सांगतो ते पोटावर निळसर पट्टे असलेल्या एका छोट्या रानमाशीबद्दल. तिलाही फूल थरथरवता येतं. ती उघड्या मातीत नाहीतर मातीच्या भिंतीत बीळ करून राहते. आमच्या कालव्याखाली भाजीवाले शेतकरी आहेत. वांगं आणि टोमॅटो यांच्या फुलांतला परागही असाच बंद डबीतला, थरथरवल्यावर चांगला सुटणारा. शेवग्याच्या फुलांवर तर भुंगाच मुख्य गिऱ्हाईक. म्हणजे रस्त्याकडेला आपण जे काँक्रीट ओतता, त्याचा हिशेब कुणाच्या तरी वांग्याच्या वाफ्यात निघतो. हे शेतकरी पालिका हद्दीबाहेर राहतात, त्यामुळे आपल्याकडे तक्रार घेऊन येणार नाहीत.

चौथी छोटीच आहे, पण सांगतो. बहाव्यात मध नाही हे वर आलंच. भुंग्याला मध मिळतो तो रुईत, करंजात, निर्गुडीत, खुळखुळ्यात. कालव्याच्या उतारावरची रुई आपण दर वर्षी 'तण' म्हणून काढता. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची आणि रविवारी रुई जेसीबीखाली.

पाचवी म्हणजे आत्ताची छाटणी. आपल्या पाहणी अहवालात या झाडांबद्दल 'निष्पर्ण, सुकलेल्या फांद्या' असं लिहिल्याचं मला कार्यालयात सांगितलं गेलं. साहेब, एप्रिलमध्ये बहावा निष्पर्णच असतो! पानगळ करून तो बहराची तयारी करतो, फुलं आणि नवी पालवी मागोमाग येतात. त्याला सुकलेला ठरवणं म्हणजे उपवासाच्या माणसाला उपाशी मेलेला समजून तिरडी बांधण्यासारखं आहे. शिवाय आपलं मान्सूनपूर्व छाटणीचं वेळापत्रक एप्रिल-मेचं आणि बहाव्याचा बहरही एप्रिल-मेचा. इतर झाडांना चालत असेल. याला दर वर्षी नेमकं फुलताना कापलं जाणार.

धोकादायक फांदी काढूच नका, असं मी म्हणत नाही. रोपवाटिकावाल्याला कात्रीचं वैर नसतं. विजेच्या तारेला टेकलेली, कीड लागून पोकळ झालेली, रस्त्यावर झुकलेली फांदी काढलीच पाहिजे. ४१ झाडांत अशा किती होत्या? मी मंगळवारपासून रोज पाहिलं. मला नऊ-दहा दिसल्या. बाकीच्या सरसकट कापल्या, कारण ठेकेदाराचं बिल झाडामागे होतं.

कायद्याचंही थोडं बोलतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा. आपलं प्राधिकरण त्याच्याच पोटी जन्मलं. त्यात 'झाड तोडणे' याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा पोचवणं, हे सगळं येतं. तेव्हा ४१ झाडांचे खराटे करणं ही नुसती 'देखभाल' होती की त्यासाठी प्राधिकरणाच्या बैठकीत ठराव झाला होता? झाला असेल तर तो ठराव मला वाचायचा आहे. हा टोमणा नाही. खरंच वाचायचा आहे.

दिव्यांचाही मुद्दा आहे. दिवाळीला बुंध्यांभोवती गुंडाळलेल्या दिव्यांच्या माळा अजून तशाच आहेत आणि रात्रभर चालू असतात. भीमाशंकरच्या जंगलात अभ्यासकांनी भुंग्याची अशी एक जात नोंदवली आहे, जी चंद्र नसलेल्या रात्रीही फुलांवर उडते. झायलोकोपा ट्रँक्वेबारिका तिचं नाव. डोळे ते केवढे तयार म्हणायचे! आमच्या कालव्यावर ती आहे असं मी म्हणत नाही. पण अंधाराचीही कुणाला तरी गरज असते, हे भीमाशंकर आपल्यापासून लांब नसल्यामुळे आठवलं. माळा काढल्या तर वीजबिलही वाचेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करतो. शेंगा कमी झाल्या त्या एकट्या भुंग्यापायीच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मधल्या दोन वर्षांत ऐन बहरात अवकाळी पाऊस झाला. झाडांचं वयही वाढतंय. तसाही बहाव्याच्या शेकडो फुलांतून शेंग धरते ती एखाद-दुसरीच, बाकी सगळी गळतात. पण कालव्याच्या वरच्या अंगाला, पालिकेची हद्द संपते तिथे, एका जुन्या वाड्याच्या पडक्या आवारात तीन बहावे आहेत. पाऊस त्यांच्यावरही तोच पडला. आवारात मोडकी तुळई पडलेली, कुंपणाला रुई माजलेली, फवारणी कधी नाही. त्या तीन झाडांवरून यंदा मला ५२ शेंगा मिळाल्या. आमच्या ६४ झाडांच्या २९, त्या तिघांच्या ५२. यातून काय समजायचं, ते आपणच ठरवा.

आपण हरित शहराच्या स्पर्धेत भाग घेता, २० मे रोजी जागतिक मधमाशी दिनाला बागेत कार्यक्रम करता, शाळेची मुलं पिवळे-काळे पट्टे रंगवून येतात. मला तो कार्यक्रम आवडतो, गेल्या वर्षी मीच तिथे रोपं वाटली. योगायोग असा, की २० मे हा दिवस बहाव्याच्या ऐन बहरातला. यंदा त्या मुलांना झाडाखाली नेऊन काय दाखवणार?

माझ्या मागण्या अशा आहेत.

सोमवारचा दुसरा टप्पा थांबवा. २३ झाडं जशी आहेत तशी राहू द्या. त्यांतल्या कुठल्या फांदीपासून खरोखर धोका असेल, तर तेवढीच काढा, आणि काढण्याआधी तिला खडूने खूण करून लोकांना दाखवा.

पुढच्या वर्षापासून बहाव्याला सरसकट मान्सूनपूर्व यादीतून वगळा. एप्रिल ते जून बहर, मग माघ-फाल्गुनापर्यंत शेंगा पिकणं, यात या झाडाला रिकामा वेळ फार थोडा मिळतो. म्हणून सरसकट छाटणी कधीच नको, झाड पाहून फांदी ठरवा. ठेकेदाराचं बिल झाडांच्या संख्येवर नको.

उद्यानांत आणि रस्त्यांवर भुंग्यांसाठी फवारणी बंद करा. मांडवाची तक्रार असेल तर मांडव लोखंडी करा आणि जुने बांबू बागेच्या मागच्या कोपऱ्यात, मुलांच्या वाटेपासून दूर, आडवे बांधून ठेवा. खर्च शून्य. दोन वठलेली खोडं कालव्याच्या उतारावर राहू द्या, पडली तरी कुणाच्या डोक्यावर पडणार नाहीत अशा बेताने कापून. त्यांच्या शेजारी रुई आणि निर्गुडी राहू द्या.

प्रत्येक बुंध्याभोवती निदान एक मीटरचे ब्लॉक उचला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबाबत एवढीच जागा मोकळी करायला सांगितली होती, तेव्हा मी काही आकाशातला चंद्र मागत नाही.

आणि दर पाच वर्षांच्या वृक्षगणनेत बहाव्यापुढे एक रकाना वाढवा: शेंगा आहेत की नाहीत. घेर आणि उंची मोजायला माणूस झाडापाशी जातोच, त्याने फक्त मान वर करायची.

ब्लॉक उचलायला मी माझी चार माणसं दोन दिवस देईन, मजुरी मागणार नाही. ज्या ४१ झाडांची छाटणी झाली, त्यांच्या कापांना लावायला बोर्डो पेस्टही माझ्याकडे तयार आहे. परवानगीचं पत्र तेवढं हवं, नाहीतर सरकारी झाडाला हात लावला म्हणून नोटीस मलाच यायची.

उरलेल्या २३ पैकी दक्षिणेकडून चौथ्या झाडाला पहिली फुलं काल उघडली. आज सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तिथे एक भुंगा आला होता. एकच. पाच-सहा फुलं फिरला आणि वाड्याच्या दिशेने निघून गेला. सोमवारी सकाळी गाडी येईल त्याच्या आधी मी त्या झाडाखाली उभा असेन. आपल्यापैकी कुणी आलंत, तर ती झीं झीं ऐकवतो. थर्मासमध्ये चहा असेल.

आपला,
कालव्यापलीकडचा रोपवाटिकावाला

प्रत: प्रभागातले चारही नगरसेवक, कालवा रस्ता रहिवासी संघ, आणि ज्यांच्या दारात बहावा आहे ते सगळे